चूल एक, राबणारे सात, शेतकरी मात्र एकच!



आपल्या कोरडवाहू मुलखातले कोणतेही घर घ्या. सत्तरीचा बाप, पासष्टीची माय. चाळिशीचा थोरला, पस्तिशीचा मधला, दोघांच्या बायका-पोरं. तिशी ओलांडली तरी लग्न जमेना असा धाकटा. नवरा वारल्यावर माहेरी परतलेली बहीण. चूल एक, बैलजोडी एक, आठ एकर पऱ्हाटी-ज्वारी आणि सातबारा एक. तोही बापाच्या नावावर.

या घरात शेतकरी किती? म्हातारीला चुलीपाशी बसवले तरी वखर-डवऱ्यापासून वेचणीपर्यंत राबणारी सात माणसे आम्ही मोजतो. सरकार मोजते एक.

पीककर्ज मागायला थोरला सोसायटीत गेला की सचिव म्हणतो, बापाला घेऊन ये. 2025 पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तोही सातबाऱ्यावर नाव असेल त्यालाच. वीस वर्षे डवरणी केलेला माणूस कागदोपत्री 'शेतकऱ्याचा मुलगा'. सुना तर त्या कागदात कुठेच नाहीत.

आता सरकारची हुशारी पाहा. 2019 साली किसान सन्मान निधी आला. त्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. म्हणजे चाळिशीचा लेक बापाच्या कुटुंबात नाही! बरे, वेगळे कुटुंब म्हणून हप्ता मागावा, तर त्याच्या नावावर जमीन नाही. बापाने जिवंतपणी हिस्सा करून दिला तर? नियमाने 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख ठोकून ठेवली. त्यानंतर नावावर आलेली जमीन चालत नाही. अपवाद एकच, बाप मेला आणि वारसाने मिळाली तर. बापाच्या सरणावरून गेल्याशिवाय लेकाला शेतकरी होता येऊ नये, असा कायदा करणाऱ्यांना काय म्हणावे?

आम्ही सहा हजारांसाठी रडत नाही. मालाचे भाव पाडून जे लुटले त्यातले चिमूटभर परत देणे म्हणजे सन्मान नव्हे. आमचा सवाल माणूस मोजण्याचा आहे.

आणि मोजता येत नाही असेही नाही. 2017 च्या कर्जमाफीत कुटुंब धरले आणि घराला दीड लाखाची मर्यादा घातली. 2019 च्या कर्जमाफीत कुटुंब सोडून एकेक शेतकरी धरला. तेच गाव, तेच घर; सरकारला वाटले तेव्हा मोजमाप बदलले. अपघात विम्यात 2019 पासून खातेदाराबरोबर घरातला खाते नसलेला एक माणूसही धरला. म्हणजे साप चावून मेला तर तो शेतकऱ्यात जमा. जिवंत राहून कर्ज मागितले तर कोण रे तू?

म्हाताऱ्यांचीही तीच गत. श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये मिळायला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत लागते. म्हणून गावोगाव एका चुलीवर जेवणारी माय-बाप कागदावर वेगळी निघतात आणि घरात दुसरे रेशनकार्ड येते. म्हातारपणी खोटे बोलायला लावणारी ही कसली सेवा?

अधिकारी म्हणतील, वाटण्या करा. आठ एकराचे चार तुकडे केले तर दोन एकरांवर बैलजोडी कोण पोसणार? कडबा कुठून आणणार? एका हाताने 1947 चा तुकडेबंदी कायदा दाखवायचा आणि दुसऱ्या हाताने तुकडे करणाऱ्यालाच शेतकरी म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही. एकत्र राहणे हा आमचा मागासपणा नाही. तो कोरडवाहू शेतीचा हिशेब आहे.

पण बोट सरकारकडे दाखवताना घरातही पाहू. पंचाहत्तरी झाली तरी सातबारा उशाखाली ठेवणारे बाप आपल्यात आहेत. त्यांची भीती खोटी नाही. जमीन दिली आणि ताट गेले, असे गावोगाव घडते. त्यांनी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा ध्यानात घ्यावा. बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहा. लेकाने ती मोडली तर प्रांताकडच्या न्यायाधिकरणात जाऊन ते पत्र रद्द करून घेता येते. आणि लेकींना महाराष्ट्राने 1994 साली, देशाने 2005 साली वडिलोपार्जित जमिनीत जन्माचा हक्क दिला. राखीपौर्णिमेला साडी देऊन हक्कसोडीवर सही घेणाऱ्या भावाने सरकारला लुटारू म्हणू नये.

जिल्हा मेळाव्यात आमच्या मागण्या चार. एक, सातबारा न फोडता कसणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची, बाई असो वा बाप्या, कसणारा म्हणून नोंद करा. दोन, त्या नोंदीवर पीककर्ज द्या आणि ओळख क्रमांकही द्या. तीन, 1 फेब्रुवारी 2019 ची अट काढून टाका. चार, म्हाताऱ्यांचे पैसे लेकाच्या घराकडे न पाहता त्यांच्या वयाकडे पाहून द्या.

मेळाव्याला येताना घरचा सातबारा आणि रेशनकार्ड बरोबर आणा. एका कागदावर घरात राबणाऱ्यांची नावे लिहा, सुनांची आणि बहिणींचीही. सातबाऱ्यावरची नावे एकीकडे, राबणाऱ्यांची दुसरीकडे. दोन्ही याद्यांत जे अंतर पडेल, तेवढी माणसे सरकारने पुसली आहेत. त्यांची मोजणी करूनच आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात जाणार आहोत.