आमच्या घरी तसलं काही नसतं

‘कॉलेजात ओढला असशील एखादवेळी गांजा, पण फॉर्मवर कशाला लिहायचं? कोण बघायला आलंय?’ व्हर्जिनिया-मेरीलंडच्या मराठी घरांत हा सल्ला फराळाच्या चिवड्यासारखा सढळ हाताने वाटला जातो. अमेरिकी सरकारच्या गोपनीय कामासाठी लागणाऱ्या सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी अर्ज करणाऱ्या पोराचं वाटोळं करायला तेवढा पुरतो.

कोण बघायला आलंय? तपासनीस आलाय, काका! वरच्या दर्जाच्या क्लिअरन्ससाठी तो जुन्या शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना, मित्रांना गाठतो. त्यातल्या एकाने जरी सहज म्हटलं, ‘हो, आम्ही मिळूनच ओढायचो,’ की संपलं.

क्लिअरन्सच्या एसएफ-८६ या फॉर्मचा २३वा विभाग गेल्या ७ वर्षांतल्या अमली पदार्थांबद्दल विचारतो. खरं उत्तर दिलंत तर ते तुमच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरणार नाही, असं तिथेच छापलेलं आहे. जाणूनबुजून खोटं लिहिलंत तर मात्र फेडरल कायद्याने ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. घराच्या कर्जाचा पाव टक्का वाचवायला सहा बँका पालथ्या घालणाऱ्या आमच्या मंडळींना एवढा हिशेब कळू नये?

क्लिअरन्स द्यायच्या, २०१७पासून लागू असलेल्या निकषांत सुटकेच्या वाटा स्वच्छ लिहिल्या आहेत. सेवन जुनं आहे का, क्वचितचं होतं का, ती संगत सुटली का, ‘पुन्हा हात लावला तर क्लिअरन्स काढून घ्या’ असं सही करून देता का. डिसेंबर २०२१मध्ये तर राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक एव्हरिल हेन्स यांनीच खात्यांना कळवलं की पूर्वीचा गांजा विचारात घ्या, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. ओढलेला गांजा दरवर्षी जुना होत जातो. लपवाछपवी उघडी पडते त्या दिवशी ती ताजीच असते, आणि तिच्यासाठी वैयक्तिक वर्तनाचं कलम वेगळं आहे.

सरकार तरी कुठे धुतल्या तांदळाचं? मेरीलंडमध्ये २०२३पासून दुकानातून रीतसर पावती घेऊन गांजा मिळतो, आणि फेडरल फॉर्मवर तोच बेकायदा! बराक ओबामांनी आत्मचरित्रात गांजाच काय, कोकेनही कबूल केलं. राष्ट्राध्यक्षाला क्लिअरन्सचा अर्ज करावाच लागत नाही. हा ढोंगीपणा खराच. पण त्यावर बाइडन-ट्रम्प करत रात्र जागवून पोराचा फॉर्म भरून होणार नाही. आणि तो आजही ओढत असेल तर २००८च्या कायद्याने दारच बंद आहे. आधी सोडायला सांगा.

माझा राग सरकारपेक्षा काकांवर जास्त आहे, कारण त्यांना पोराच्या नोकरीची नाही, महाराष्ट्र मंडळातल्या अब्रूची काळजी आहे. स्वतःच्या हॉस्टेलातल्या होळीच्या भांगेचे किस्से स्कॉचच्या तिसऱ्या पेगला रंगवून सांगणारे हेच गृहस्थ ‘आमच्या घरी तसलं काही नसतं’ असं छातीठोक सांगतात. ज्या पोराला आईबापांपुढे खरं बोलायची सोय नाही, तो अनोळखी तपासनीसापुढे काय बोलणार?

निकषांत एक गंमत आहे. वकिलाच्या किंवा अशा कामाची जबाबदारी असलेल्या अधिकृत माणसाच्या सल्ल्यामुळे माहिती द्यायची राहिली, आणि चूक कळताच अर्जदाराने सगळं सांगून टाकलं, तर ती सबब विचारात घेतली जाते. काकांच्या सल्ल्यासाठी तशी तरतूद नाही.