सहलीच्या बॅगेत साबणाची वडी हवीच!

सहलीचा हंगाम आला की शाळेत दोन याद्या निघतात. एक पैसे भरलेल्यांची, दुसरी सोबत आणायच्या सामानाची. या दुसऱ्या यादीबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

मागच्या डिसेंबरात आम्ही चार दिवसांची सहल काढली होती. पन्हाळा, मग आंबा घाटानं खाली रत्नागिरी आणि शेवटी मालवण. बसच्या टपावर बॅगा चढवताना क्लीनर वैतागला. चार दिवसांसाठी काही मुलांनी आठ-आठ जोड आणले होते! एका आईनं तर प्रत्येक दिवसाचे कपडे वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्या माउलीचं प्रेम मला कळतं. पण सातवी-आठवीतल्या मुलाला स्वतःचा शर्ट धुता येऊ नये, हे मात्र पटत नाही.

त्याच बसमध्ये एक मुलगा दोनच जोड घेऊन आला होता. पन्हाळ्याला सगळे झोपल्यावर मला न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. पाहतो तर हा पठ्ठ्या थंडीत बसून शर्ट धुतोय. मला बघून तो चपापला. म्हणाला, "सर, कुणाला सांगू नका ना." मी 'बरं' म्हणालो आणि खोलीवर आलो, पण झोप काही लागली नाही. जे काम त्याला येत होतं, त्याचीच त्याला लाज वाटत होती. आणि ज्यांना ते येत नव्हतं ते घोरत होते.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत मुक्कामाला पोचल्यावर मी जाहीर केलं, "आज प्रत्येकानं अंगावरचा एक कपडा धुवायचा. मीही धुणार आहे." त्या मुलाचं नाव घेतलं नाही, पण बादल्या भरल्यावर सगळे आपोआप त्याच्याभोवतीच जमले. कॉलर आणि बाही आधी घासायची, पावडरीच्या पाण्यात अर्धा तास भिजवायचं, रंग जाणारा कपडा वेगळा ठेवायचा, दोनदा खळबळायचं. शेवटी कोरड्या टॉवेलात कपडा गुंडाळून पिळायचा, म्हणजे लवकर वाळतो. हे शेवटचं मलाही माहीत नव्हतं.

मुलींना बहुतेक सगळं येत होतं. यात कौतुक करावं की वाईट वाटून घ्यावं? एक मुलगी तर सवयीनं भावाचा शर्टही ओढून घ्यायला निघाली. तिला थांबवावं लागलं. भाऊ नववीत होता बरं का!

विज्ञानाचा तासही आपसूक झाला. मालवणला विहिरीचं पाणी मचूळ. वडीला फेस येईना, वर पांढरट साका धरला. पावडरीला मात्र फेस आला. दुष्फेन पाणी पुस्तकात शिकवताना मी आजवर नुसता खडूच झिजवत होतो. पन्हाळ्यावर वाऱ्याला टांगलेला शर्ट सकाळी जवळजवळ वाळला होता, मालवणच्या दमट हवेत तसाच शर्ट दुपारपर्यंत ओलाच. बाष्पीभवनावर परिणाम करणारे घटक कोणते, हा प्रश्न त्या वर्गाला परीक्षेत कुणी चुकणार नाही, असं मला वाटतं.

परत आल्यावर एका पालकांचा फोन आला. "सर, पैसे भरून मुलाला धुणं धुवायला पाठवलं का?" राग स्वाभाविक आहे. पण दरवर्षी आपल्या दारावरून वारी जाते. अडीच-तीन आठवडे चालणारे वारकरी मुक्कामावर धोतर-लुगडं धुतात आणि ओलं लुगडं दोघी दोन टोकं धरून चालता चालता वाळवतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. गांधीजींनीही दक्षिण आफ्रिकेत धोब्याचा खर्च टाळायला धुण्यावरचं पुस्तक आणून कॉलर स्वतः धुतली होती. पहिल्या खेपेला खळ जास्त झाली आणि ती कोर्टात गळू लागली, सोबतचे बॅरिस्टर हसले. हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलंय. बॅरिस्टरला चालतं, मग आपल्या बंड्याला का नको?

अडचणी आहेत, त्या नाकारत नाही. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या मुक्कामी हा हट्ट धरू नये. नदीत किंवा विहिरीच्या काठावर साबण लावू देऊ नये, बादली लांब न्यावी. आणि मुलींच्या कपड्यांसाठी दार लागणारी वेगळी खोली, तिथं दोरी, हे बाईंनी आधीच पाहून ठेवावं. आम्ही ते विसरलो होतो. मुलींनी ओले कपडे तसेच पिशवीत कोंबले आणि घरी जाईपर्यंत त्यांना वास आला. चूक आमची होती.

यंदाच्या यादीत म्हणून बदल केलाय: अंगावरचा धरून तीन जोड, एक साबणाची वडी, चार चिमटे. दोरी शाळा देईल. काल यादी वाटल्यावर एका आईनं विचारलं, "मुलग्यांनीपण वडी आणायची?" हो ताई, मुलग्यांनीपण.