पडद्यावरचा समुद्र आणि खरा समुद्र

क्षितिजावर जहाज दिसले की दुर्बीण काढायची आणि धुराड्याच्या रंगावरून कंपनी ओळखायची, हा समुद्रप्रवासातील जुना छंद. आता दुर्बिणीची जागा मोबाइलने घेतली आहे. क्रूझच्या डेकवरील प्रवासी 'मरीनट्रॅफिक'सारखे संकेतस्थळ उघडतो आणि समोरच्या ठिपक्याचे नाव, ध्वज, वेग व पुढचे बंदर क्षणात वाचतो. करमणूक म्हणून हे निरुपद्रवी आहे. परंतु ज्या माहितीवर ही करमणूक उभी आहे, तिच्यावरच आज सागरी सुरक्षा, तेलव्यापारावरील निर्बंध आणि मच्छीमारांचे प्राणही काही अंशी अवलंबून आहेत. ही माहिती म्हणजे जहाजाने स्वतःविषयी केलेले निवेदन असते, याचा मात्र विसर पडू लागला आहे.

ही माहिती 'एआयएस' या स्वयंचलित ओळख प्रणालीतून येते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टन व त्याहून मोठ्या जहाजांवर आणि सर्व प्रवासी जहाजांवर ती २००४ अखेरपर्यंत बंधनकारक झाली. जहाज उपग्रहांच्या आधारे आपले स्थान ठरवते आणि दर काही सेकंदांनी ते रेडिओवरून जाहीर करते. पुढचे बंदर कोणते, हे तर खलाशीच टंकलिखित करतात. टक्कर टाळणे हा मूळ हेतू असल्याने या संदेशांना कुलूप नाही. किनाऱ्यावरील केंद्रे आणि पुढे उपग्रहही ते टिपू लागले, तेव्हा जहाजांचा हा आपसातला संवाद साऱ्या जगाला ऐकू येऊ लागला.

या खुलेपणाचा लाभ २०१२ मध्ये दिसला. त्या वर्षी १३ जानेवारीला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे क्रूझ जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०११ मध्येही हे जहाज बेटाच्या अगदी जवळून गेले होते, हे एआयएसच्या नोंदींवरून उघड झाले. अपघाताआधीच्या सवयींची चर्चा त्यामुळे टाळता आली नाही.

मात्र हाच खुलेपणा शत्रूच्याही कामी येतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजांनी ही यंत्रणा बंद ठेवली. जिवाला धोका असेल, तर कप्तानाला तशी मुभा आहे. काहींनी तर गंतव्य बंदराच्या जागी 'सर्व खलाशी चिनी' असा मजकूर झळकवला. दुसरीकडे निर्बंध चुकवून तेल वाहणारी जहाजे याच मुभेआड लपतात किंवा खोटे स्थान जाहीर करतात. जून २०२१ मध्ये ब्रिटन व नेदरलँड्सच्या युद्धनौका ओडेसा बंदरात उभ्या असताना पडद्यावर त्या क्रिमियाच्या दिशेने जाताना दिसत होत्या. जून २०२५ च्या इस्रायल-इराण संघर्षात उपग्रह संकेतांतील व्यत्ययामुळे होर्मुझ परिसरात शेकडो जहाजांची स्थाने विस्कटली.

मुंबईला या प्रश्नाची दुसरी बाजू ठाऊक आहे. २००८ च्या नोव्हेंबरात हल्लेखोर आले ते पळवलेल्या मासेमारी नौकेतून. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले 'पवित' जहाज सुमारे महिनाभर भरकटत ३१ जुलै २०११ रोजी थेट जुहूच्या किनाऱ्याला लागले. जे जहाज स्वतः बोलत नाही, ते केवळ ऐकत बसलेल्या यंत्रणेला सापडत नाही, हा त्यातील धडा. त्यानंतर २०१२ मध्ये दीपगृहांवर एआयएस केंद्रांची साखळी उभी राहिली आणि २०१८ मध्ये गुरुग्राम येथे हिंदी महासागरासाठी नौदलाचे माहिती केंद्र सुरू झाले.

तरीही लहान नौका पडद्याबाहेरच आहेत. जगातील सुमारे तीन चतुर्थांश औद्योगिक मासेमारी नौका सार्वजनिक नोंदींत दिसत नाहीत, असे २०२४ च्या जानेवारीत 'नेचर'मधील संशोधनाने दाखवले. कोकणातील पारंपरिक होड्यांची गोष्ट तर वेगळीच. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे १ लाख मासेमारी नौकांवर उपग्रह संपर्कयंत्रे बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु हा संवाद नौका आणि किनारा यांच्यातील आहे; शेजारून जाणाऱ्या महाकाय मालवाहू जहाजाच्या पडद्यावर ती होडी त्यामुळे आपोआप उमटत नाही.

म्हणून या माहितीला कुलूप घालणे हा उपाय नव्हे. तिची रडार आणि उपग्रहचित्रांशी सतत पडताळणी करणे, आणि विनाकारण अदृश्य होणाऱ्या जहाजांना ज्या देशाचा ध्वज आहे त्या देशाने जाब विचारणे, हा खरा मार्ग आहे. त्याचबरोबर जहाजाच्या पुलावर प्रत्यक्ष डोळ्यांनी पहारा ठेवण्याचा जुना नियमही टिकायला हवा. पडद्यावर रिकाम्या दिसणाऱ्या पाण्यात एखादा तांडेल जाळे टाकून बसलेला असू शकतो.