रीळ आले, निगेटिव्ह गेले

जुन्या कॅमेऱ्यांचे पुनरागमन झाल्याची वार्ता अलीकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. गिरगाव-दादरच्या सुशिक्षित घरांतील तरुण मंडळी आजोबांच्या कपाटातून किंवा चोरबाजारातून एखादा कॅमेरा पैदा करतात, आणि मोबाइलवर दिवसाकाठी शेकडो चित्रे टिपणारी बोटे छत्तीस चित्रांच्या रिळापाशी थबकून विचार करू लागतात. या छंदाची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांपैकी नव्हे. आमची तक्रार नेमकी उलट आहे. ही मंडळी परत फिरली खरी, पण अर्ध्या वाटेवरच थांबली.

प्रकार असा घडतो. रीळ संपले की ते लॅबमध्ये धुवावयास टाकतात. लॅबवाला ते धुतो, स्कॅन करतो व चित्रे मोबाइलवर धाडतो. त्यांतील चार चित्रे जगास दाखविली जातात, वाहवा होते, आणि निगेटिव्ह? ते परत आणावयाची तसदीही कित्येक जण घेत नाहीत. लॅबवाल्याने तरी ते किती दिवस सांभाळावे? शेवटी हाती उरते ते पुन्हा मोबाइलमधील चित्रच. त्यावरील कणीदार पोताचेच अप्रूप असेल, तर तो एखादे अ‍ॅपही पुरवील. खोबरे देवळात टाकून करवंटी घरी आणणाऱ्या भक्तास काय म्हणावे?

निगेटिव्ह म्हणजे कामाचा उरलेला कचरा नव्हे. समोरच्या माणसावरून परतलेला प्रकाश ज्या चांदीच्या क्षारांवर प्रत्यक्ष पडला, ती ही पट्टी. बाकी सर्व तिच्या नकला. दादरला हे सांगावे लागावे याचे नवल वाटते. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' याच दादरात तयार केला. फितीला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाईंनी घरसंसार सांभाळून केली. 3 मे 1913 रोजी तो गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला. त्या चार रिळांच्या चित्रपटाचा आज काही भागच उपलब्ध आहे. जेवढी फीत राहिली तेवढे फाळके आपणांस दिसतात. बाकीचे वर्णनावर भागवावे लागते.

यावर कोणी म्हणेल की डिजिटल चित्राच्या वाटेल तितक्या प्रती निघतात, मग भीती कसली? प्रती निघतात हे मान्य, काढतो कोण? मोबाइल बदलतो, परवलीचा शब्द विसरतो, खातेदार निवर्ततो, आणि दहा वर्षांचा संसार कुलुपाआड राहतो. निगेटिव्हला कोणाची परवानगी लागत नाही. खिडकीशी धरले की आजीचा चेहरा, काळ्याचा पांढरा होऊन का होईना, दिसतो. ते अमर आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते, जुन्या अ‍ॅसिटेट फितीस व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो, रंगीत चित्राचे रंग विटतात. पण कृष्णधवल फीत हायपोतून नीट काढून भरपूर पाण्यात धुतली, तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. (चाळीत तासभरच पाणी येत असेल तर हा विधी त्याच तासात उरकावा, घरच्यांचा रोष पत्करण्याची तयारी ठेवावी!)

लालबाग-परळात या गोष्टीला अधिक मोल आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, त्यांच्या जागी मनोरे उठले, आणि चाळीही पाडल्या जात आहेत. गिरणीतल्या माणसाने स्टुडिओतील रंगविलेल्या पडद्यासमोर सहकुटुंब काढविलेला एखादा फोटो, उत्सवातील मंडळाचा एखादा समूह, एवढीच कित्येक घरांची बखर. घर रिकामे करताना आल्बम सोबत नेतात. निगेटिव्हचा डबा मात्र रद्दीत जातो. आल्बममधील फोटो फाटला की मग धावाधाव.

रीळही आता स्वस्त राहिलेले नाही. उटकमंड येथे 1960 साली स्थापन झालेला सरकारी फिल्म-कारखाना 'इंदू' नावाने फिल्म विकीत असे. तो बंद पडला. बडोद्यास बनणारा, बारा चौकोनी चित्रे देणारा आग्फा क्लिक-३ हाही आठवणीत जमा झाला. परदेशी रिळास आज शेकडो रुपये मोजावे लागतात. ते मोजून वर निगेटिव्ह सोडून येणे, याला हौस म्हणावे की उधळेपणा?

तेव्हा या मंडळींस आमचे सांगणे एवढेच की निगेटिव्ह घरी आणा, सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या कापून कागदी पाकिटांत घाला, पाकिटावर तारीख व माणसांची नावे लिहा, आणि रिळामागे एक तरी चित्र कागदावर छापून घ्या. लॅबवाल्यांनीही गिऱ्हाइकाच्या हाती निगेटिव्ह दिल्याखेरीज पैसे घेऊ नयेत.