कॅप्सूल म्हणजे लस नव्हे!

विरार असो की नालासोपारा, शेवटच्या लोकलने उतरून घरी चालत जाणाऱ्याला भटक्या कुत्र्यांची धास्ती नवी नाही. कुत्रा चावलाच तर जुनी माणसे जखमेत चुना नाही तर तिखट भरतात. नवी माणसे औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक कॅप्सूल आणतात. पहिल्या उपायाला आपण अंधश्रद्धा म्हणून हसतो, दुसऱ्याला विज्ञान समजतो. माझ्या मते दुसरा उपायही तितकाच घातक ठरू शकतो.

अँटिबायोटिक जिवाणूंना मारते; रेबीज हा विषाणूचा रोग. त्यावर कॅप्सूलचा काडीइतकाही परिणाम होत नाही आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुणे, त्याच दिवशी लस सुरू करणे आणि रक्त आले असल्यास जखमेत सीरम टोचून घेणे, हेच खरे उपाय. पोटातली ती चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. आता दंडावर चार-पाच वेळा लस घेतली की झाले.

मग अँटिबायोटिक नकोच का? तसेही नाही. कुत्र्याच्या तोंडात अनेक जिवाणू असतात. दात खोल रुतला तर ते आत राहतात आणि जखम वरून मिटते. हाताचे सांधे तर कातडीलगतच. तेथे पू झाला तर बोटे आखडू शकतात. अशा जखमेला, किंवा मधुमेही रोग्याला, डॉक्टर तीन ते पाच दिवस प्रतिबंधक अँटिबायोटिक देतात, ते योग्यच. साध्या ओरखड्याला ते कशाला? लस मात्र ओरखड्यालाही हवी. अपुऱ्या मात्रेने जिवाणू औषधाला सरावतात, हा इशारा पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. दोन कॅप्सूल खाऊन पाकीट फडताळात ठेवणारे आपण नेमके तेच करतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वाडीतल्या लोकांना अडाणी म्हणण्याचे धाडस मला होत नाही. सरकारी रुग्णालयात लस फुकट मिळते हे त्यांना ठाऊक आहे. पण चार-पाच फेऱ्या म्हणजे चार-पाच दिवसांची मजुरी बुडणे. कॅप्सूल मात्र कामावरून येता येता मिळते. तेव्हा नुसता उपदेश काय कामाचा? चिठ्ठीशिवाय दुकानदाराने अँटिबायोटिक देऊ नये, आणि लस संध्याकाळीही टोचून मिळावी. मित्रहो, एवढी मागणी तरी आपण करू या!