काळा रंग उतरवताना

हिंगणघाटहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. गेली पंचवीस वर्षे दर महिन्याला घरच्या घरी कलप लावण्याचा त्यांचा परिपाठ होता. मागच्या दिवाळीत कलप लावल्याच्या दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे मिटले, कपाळावर आणि कानांमागे पुरळ उठून त्यातून पाणी सुटू लागले. यापुढे काळा रंग नाही, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हापासून मुळांशी वाढलेले पांढरे केस आता चार बोटे झाले आहेत आणि त्याखाली जुना काळाभोर रंग तसाच आहे. या दुरंगी डोक्यापायी सासूबाईंनी भजनी मंडळात जाणे सोडले आहे. तुळशीच्या लग्नानंतर घरात नातीचे लग्न आहे. त्या नातीनेच ब्लीचची पूड आणि डेव्हलपरची बाटली आणून ठेवली आहे. आजीचे उरलेले केसही एकदाच पांढरे करून टाकावेत, असा तिचा बेत आहे. सूनबाई विचारतात, हे करावे का, आणि केल्यास केस व त्वचा सांभाळून कसे करावे?

पत्र वाचून प्रथम नातीचे कौतुक वाटले. आजीने भजनाला जाणे सोडले, हे तिच्या ध्यानात आले आहे. मात्र तिने आणलेली पूड काय करते, हे घरातल्या सर्वांनी आधी समजून घेतले पाहिजे.

आपल्या केसांचा काळेपणा केसाच्या गाभ्यातील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो. गाभ्यावर कौलांसारखी एकावर एक बसलेली खवल्यांची आवरणे असतात. ब्लीचमधील अल्कधर्मी घटक ही कौले उचकटतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून रंगद्रव्याचे विघटन करते. ती पूड बहुधा परसल्फेट या क्षारांची असते आणि ती पेरॉक्साइडचा जोर वाढवते. काळा रंग एका झटक्यात जात नाही. तो आधी तांबूस तपकिरी होतो, मग नारिंगी, मग पिवळा, मग फिकट पिवळा. त्यापलीकडचे शुभ्र पांढरे गाठायला जावे, तर तोवर केसाचे स्वतःचे प्रथिनच विरू लागते. ओला केस रबरासारखा ताणतो आणि तुटतो.

हे झाले नैसर्गिक काळ्या केसांचे. या आजींच्या केसांत मेलॅनिन फारसे उरलेलेच नाही; आत आहे तो कलपाचा रंग. कलपाचे लहान रेणू केसात शिरतात आणि तिथे पेरॉक्साइडशी संयोग पावून मोठे होतात. मोठे झाले की बाहेर पडत नाहीत, म्हणून तर तो रंग धुऊन जात नाही. लांब केसांच्या टोकांवर अशा रंगाची पुटांवर पुटे चढलेली असतात. ब्लीचने ती काही अंशी फुटतात, पण एकसारखी नाही. मुळांकडे पिवळसर, मध्ये विटकरी आणि टोकांना तांब्याच्या भांड्यासारखे, असे डोके बहुधा हाती येते. म्हणजे दुरंगी केसांचे तिरंगी होतात.

खरा धोका मात्र यापुढेच आहे, आणि पुडीच्या पाकिटावर त्याची सूचना सापडेलच असे नाही. तांबूस झाक घालवण्यासाठी दुकानदार किंवा मैत्रीण ‘टोनर’ किंवा राखी छटेचा रंग सुचवते. अशा टिकाऊ रंगांत पुष्कळदा तेच द्रव्य किंवा त्याचे जवळचे भाईबंद असतात, ज्याने दिवाळीत आजींचे डोळे मिटवले. त्या द्रव्याचे नाव पॅराफेनिलिनडायअमाइन, संक्षेपाने पीपीडी. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली ‘वर्षातील ॲलर्जीकारक द्रव्य’ म्हणून त्याची निवड केली होती, इतके ते कुप्रसिद्ध आहे. युरोपात डोक्यावर लावायच्या मिश्रणात त्याचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. पंचवीस वर्षे काही झाले नाही, मग आताच कसे, असा प्रश्न अनेक ज्येष्ठ विचारतात. ॲलर्जी अशीच येते. शरीर एखाद्या द्रव्याला वर्षानुवर्षे सोसते आणि एके दिवशी त्याला शत्रू ठरवते. एकदा ठरवले की ते सहसा विसरत नाही. पुढची प्रतिक्रिया आधीपेक्षा तीव्र असू शकते. खोक्यावर ‘अमोनियारहित’ लिहिलेले असले तरी पीपीडी नाही असा त्याचा अर्थ होत नाही. बाजारातील ‘काळी मेंदी’ ही पुष्कळदा मेंदीच्या वेष्टनातला कलपच असतो. शुद्ध मेंदीचा रंग केशरी-तांबडाच येतो. पुडीने केस काळेभोर केले तर आत आणखी काहीतरी आहे, एवढे नक्की समजावे.

तेव्हा या आजींपुरते माझे उत्तर स्पष्ट आहे: ब्लीच करू नये. त्यांची त्वचा एकदा भाजल्यासारखी झालेली आहे, वयोमानाने ती पातळ व कोरडी आहे, आणि ब्लीचमधील परसल्फेटही ॲलर्जी व दमा उद्भवण्यास कारण ठरते. केशकर्तनालयांत काम करणाऱ्यांमध्ये हा व्यवसायजन्य आजार म्हणून ओळखला जातो. इतके सोसून हाती येणार ते विटकरी केस, आणि ते झाकायला पुन्हा तीच बाटली.

परंतु सर्व वाचकांची स्थिती अशी नाही. ज्यांना ॲलर्जीचा पूर्वेतिहास नाही, दमा नाही, डोक्यावर जखम, खरूज वा सोरायसिस नाही, आणि ज्यांना उरलेला काळा रंग थोडा उजळ करून पांढऱ्याशी जुळवून घ्यायचा आहे, त्यांनी काळजी घेतल्यास घरी हे करता येते. माझे म्हणणे एवढेच की केस पांढरे करण्याचा हट्ट नको. दोन रंगांतील सीमारेषा पुसट झाली की पुरे.

सुरुवात नावापासून करावी लागते, कारण आपल्या घरात ‘ब्लीच’ या एका नावाने तीन-चार वस्तू वावरत असतात. विहिरीत वा टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर आणि कपड्यांचे डाग काढायचे द्रावण ही क्लोरीनची संयुगे आहेत. ती केस अक्षरशः विरघळवतात आणि टाळू भाजतात. चेहऱ्यावरच्या लवेसाठी मिळणारे क्रीमही डोक्यासाठी नव्हे. लिंबाचा रस लावून उन्हात बसण्याचा घरगुती उपाय तर वैदर्भीय उन्हात अजिबात करू नये. लिंबाच्या रसावर ऊन पडले की त्वचेवर फोड आणि काळे डाग उठतात.

डेव्हलपरच्या बाटलीवर आकडा असतो. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. घरी २० च्या वर जाऊ नये. दुकानदार ‘लवकर होईल’ म्हणून ४० ची बाटली पुढे करतो. ती परत करावी.

दोन दिवस आधी थोडेसे मिश्रण कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढे लावून पाहावे आणि ४८ तास वाट पाहावी. जळजळ झाल्यास ते लगेच धुऊन टाकावे आणि बेतही सोडून द्यावा. मागच्या वेळी काही झाले नव्हते म्हणून ही चाचणी टाळू नये. दुसरी चाचणी केसांची. मानेजवळची एक बारीक बट कापून काचेच्या वाटीत त्याच मिश्रणात अर्धा तास ठेवावी. वाटी गरम झाली, बुडबुडे आले किंवा उग्र वास सुटला, तर पूर्वीच्या एखाद्या कलपात धातूंचे क्षार होते असे समजावे. अशा केसांवर पेरॉक्साइड पडले की डोक्यावरच उष्णता निर्माण होते आणि केस तुटून हातात येतात. नीळ असलेली मेंदी लावणाऱ्यांची बट हिरवट झालेली दिसेल. कापलेली बट हिरवी झाली तर हसून सोडून देता येते.

प्रत्यक्ष दिवशी केस धुऊ नयेत. आदला एक-दोन दिवसांचा तेलकटपणा टाळूचे रक्षण करतो. कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर पेट्रोलियम जेली लावावी. हातमोजे घालावेत. धातूची वाटी वा चमचा वापरू नये. वारा खेळता असलेल्या ओसरीवर बसावे, पण उन्हात नव्हे. उष्णतेने क्रिया आटोक्याबाहेर जाते. वर्ध्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हा उद्योग करूच नये. मिश्रण टाळूपासून दोन बोटे दूर, फक्त काळ्या भागावर, पातळ बटा घेऊन लावावे. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून रंग पाहावा. अपेक्षित उजळपणा आला, वा पाकिटावरील वेळ संपली, वा जळजळ सुरू झाली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा साध्या गार पाण्याने धुवावे. उरलेले मिश्रण बाटलीत भरून झाकण लावू नये. आत वायू साठून बाटली फुटते. दुसरा प्रयोग निदान महिनाभर नको.

काळजी घेणाऱ्यांसाठी येथे थोडे थांबतो. पक्षाघातानंतर वा स्मृतिभ्रंशात ज्यांना ‘आग होते’ हे सांगता येत नाही, त्यांच्या डोक्यावर ब्लीच लावू नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नेत्रतज्ज्ञांनी मोकळीक देईपर्यंत रंगही नको आणि ब्लीचही नको. डोळ्यांत मिश्रण गेल्यास पंधरा-वीस मिनिटे सतत पाण्याने धुऊन थेट रुग्णालय गाठावे. पेरॉक्साइड पाण्यासारखे दिसते आणि कलपाची बाटली औषधासारखी. दोन्ही कुलपात ठेवावीत. कलप चुकून गिळला गेल्यास मान व घसा सुजून श्वास अडतो, पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उलटी करवण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करावा.

ब्लीच झालेले केस सच्छिद्र होतात. पाणी शोषतात आणि लवकर तुटतात. ओले असताना फणी लावू नये. धुण्याआधी खोबरेल तेल लावण्याची आपली जुनी रीत येथे खरोखर उपयोगी आहे. रेले आणि मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसातील प्रथिनांची झीज कमी झाली. खनिज तेलाने व सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. (हे संशोधन खोबरेल तेलाच्या उत्पादकाकडेच झाले होते, हेही ध्यानी असू द्यावे.) पिवळी झाक मारण्यासाठी जांभळा शॅम्पू मिळतो. पांढऱ्या धोतराला नीळ देतो, त्यातलेच ते तत्त्व. मात्र कपड्यांची नीळ डोक्याला लावू नये.

आता पुन्हा हिंगणघाटच्या आजींकडे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. आज चार बोटे असलेला पांढरा भाग लग्नापर्यंत सहा-सात बोटांवर जाईल. तेवढ्यावर केस मानेपर्यंत कापले, तर काळा भाग जवळजवळ संपतो. शहरातल्या बायका हे सहज करतात. तरीही ही सूचना आजींना सुनेने वा नातीने एकदम करू नये, असे मला वाटते. आपल्याकडे वृद्ध स्त्रीच्या डोक्याला कात्री लागण्यामागे केशवपनाची कटू आठवण आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस भादरण्यास नकार देऊन संप केला, त्या १८९० सालाला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. आजींच्या आजीने ते दिवस पाहिले असतील. केस कापायचे की अंबाडा ठेवून दोन वर्षे वाट पाहायची, हे त्यांनी ठरवावे. अंबाडाच ठेवायचा असेल तर दर दोन महिन्यांनी टोके दोन बोटे कापावीत, भांग थोडा बाजूला काढावा. लग्नाच्या दिवशी अंबाड्यावर गजरा आणि डोक्यावर पदर घेतला की काळे-पांढरे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आणखी एक काम मात्र लग्नाआधी उरकावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय येथील त्वचारोग विभागात आजींना एकदा नेऊन आणावे. कपाळाच्या कडेला पांढरे डाग उमटत असतील तर तेही दाखवावेत. कलपाने असे डाग पडतात, आणि घरातले लोक ते कोड समजून लग्नघरात उगीच कुजबुजू लागतात. जाताना जुन्या कलपाचे खोके आणि नातीने आणलेली पूड दोन्ही पिशवीत घालून न्यावीत. खोक्यावरची बारीक अक्षरे डॉक्टरांना वाचू द्यावीत, आणि नातीलाही सोबत न्यावे.