विश्लेषण : सफाई कामगारांना दमा का जडतो?

वरळीत गिरण्यांच्या जागी टॉवर आले, तशी छातीची दुखणीही बदलली. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस कायद्याने व्यावसायिक आजार मानला. त्यात सुट्टीनंतर कामावर येताच छाती आवळते. आता हाऊसकीपिंगवाल्यांच्या हाती ब्लीच आणि ॲसिड असते. बंद शौचालयात ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. त्याच्या एका जबर झटक्यानेही दमा जडू शकतो, तसा फवाऱ्यांच्या रोजच्या थोड्याथोड्या वाफेनेही.

सुट्टीत धाप कमी होते का, हा निदानातला कळीचा प्रश्न. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी पीक फ्लो मीटरमध्ये फुंकून नोंदी ठेवल्या तर फरक दिसतो. वरळीत ईएसआय योजनेचे रुग्णालय आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. मात्र कंत्राटदार बदलला, की कोणत्या बाटलीत काय होते हे सांगणारा कागद कामगाराकडे क्वचितच उरतो.